उजवीकडे सरकलेल्या खिडक्या

माळ्यावरून उतरवलेला कॉम्प्युटर टेबलावर ठेवला तेव्हा त्याच्या पडद्याच्या कपाळावर हळदीकुंकू तसंच होतं. मृण्मयीला त्याचं नवल वाटलं नाही. मिरजेच्या मांडणी वाचन केंद्रात येणारं दर दुसरं यंत्र असंच नटून यायचं. इतर देशांतले लोक बंद पडलेली यंत्रं भंगारात घालतात. आपण दसऱ्याला त्यांच्यापुढे झेंडू ठेवतो आणि पुन्हा माळ्यावर चढवतो. त्यामुळे जगात कुठे उरले नसतील इतके जुने कॉम्प्युटर सांगली-मिरजेच्या माळ्यांवर शाबूत होते. तंत्रज्ञ मात्र वैतागायचे, कारण कळफलकात गेलेली हळद निघता निघत नाही.

"यंत्र कोणाचं?" केंद्राच्या प्रमुख फरहाना मुजावर यांनी विचारलं. ओळखीचं माणूस असलं तरी हा प्रश्न विचारायचाच, असा त्यांचा नियम होता.

"माझ्या बाबांचं, मॅडम. मुकुंद गुळवणी."

"दुसरं कोणी वापरायचं?"

"छे. स्टेशन रोडला 'मुकुंद अक्षरजुळणी' म्हणून दुकान होतं. लग्नपत्रिका, हँडबिलं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. बाबा गेल्यावर आईने नवं यंत्र घेतलं, काम शिकून घेतलं आणि दुकान पुढे चालवलं. हे तेव्हापासून बंदच आहे."

मृण्मयी त्याच केंद्रात वाचक होती. बाहेरचं कुटुंब आलं की ती हा प्रश्न दोनदा विचारायची, दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत, कारण लोक प्रतिष्ठेपायी काहीही सांगतात. स्वतःच्या घराबद्दल मात्र तिने एकदाच उत्तर दिलं आणि सही करून मोकळी झाली. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा असतो.

यंत्र आणलं होतं केतकीसाठी. केतकी म्हणजे मृण्मयीच्या श्रीपादकाकांची मुलगी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले होते. आणि आता ते मूल ठेवायचं की नाही, हे या हळद लागलेल्या खोक्यावरून ठरणार होतं.

हे कसं, ते सांगायला हवं. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फाइल वेगळी आणि तिचं पडद्यावरचं छोटं चित्र, म्हणजे आयकॉन, वेगळं. फाइलमध्ये मजकूर असायचा. आयकॉन पडद्यावर कुठे ठेवलाय, डाव्या कडेपासून किती आणि वरून किती, हे प्रत्येक फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलीत लिहिलं जायचं. फोल्डरची खिडकी उघडली की ती कुठे उघडली, किती रुंद, किती उंच, हेही तिथेच. तुम्ही आयकॉन जरा सरकवलात, खिडकी जरा ओढलीत आणि बंद केलीत, की यंत्र गुपचूप नवे आकडे लिहून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी तुमचं टेबल तुम्ही सोडलं होतं तसंच्या तसं तुमच्यापुढे हजर. पुढे यंत्रं शहाणी झाली, आयकॉन आपले आपण रांगेत उभे राहायला लागले. त्यानंतर फोन आले, नंतर बोललेलं ऐकणारे पडदे आले. कुठे काही ठेवायची गरजच उरली नाही.

गंमत अशी की, नवे आकडे लिहिताना जुनं यंत्र आधीचे आकडे पुसत नसे. ते कुठे आहेत, एवढंच विसरत असे. त्यामुळे दहा वर्षं वापरलेल्या डिस्कवर हजारो जुन्या मांडण्या पडून असतात, भिंतीवर नव्या रंगाखाली आधीचे रंग असतात तशा. कोणा संशोधकांनी रिकामपणी त्या खरवडून काढल्या आणि तारखेप्रमाणे लावल्या. काही माणसांच्या खिडक्या वर्षानुवर्षं केसाकेसाने उजवीकडे सरकत गेल्या होत्या. ही माणसं कुठे आहेत याचा शोध घेतला, तेव्हा त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना साठीत डावगळ झालेली निघाली.

डावगळीचं वैद्यकीय नाव लांबलचक आहे. लोकांनी पानगळीवरून हे नाव दिलं आणि तेच रुळलं. या दुखण्यात डोळे ठणठणीत असतात, पण जगाला डावी बाजू असते हेच मेंदू विसरत जातो. माणूस अर्ध्याच चेहऱ्याची दाढी करतो, डाव्या बाहीत हात घालत नाही, डावीकडून येणारी गाडी त्याला दिसत नाही. दिसत नाही हे त्याला कळतही नाही, ही खरी भीती. दुखणं आनुवंशिक आहे. जनुकातला एक तुकडा लांबलेला असतो. पण तो पाचांतल्या एकाकडे असतो आणि बहुतेक घराण्यांत जन्मभर झोपून राहतो. मोजक्या घराण्यांत तो जागा असतो. जागा असला की दर पिढीला दुखणं आणखी लवकर येतं. आजोबांना साठीत, नातवाला शाळेत. तुकडा आहे की नाही हे रक्त सांगतं. जागा आहे की झोपलेला, हे फक्त मागच्या पिढीचा नकळत चाललेला हात सांगतो. आज मुद्दाम बसवून कोणाची परीक्षा घेता येत नाही, कारण परीक्षा म्हटलं की माणूस सावध होतो. म्हणून माळ्यावरची खोकी.

केतकीच्या रक्तात लांबलेला तुकडा निघाला होता. पोटातल्या बाळाच्याही. तुकडा वडिलांकडून आला होता. ते जेमतेम साठीला टेकलेले, आयुष्यभर बसचे कंडक्टर, त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता. राहता राहिले त्यांचे थोरले भाऊ मुकुंद, जे चाळिशीच्या आतच पुण्याच्या रस्त्यावर अपघातात गेले होते. ते आणि त्यांचा कॉम्प्युटर.

वाचन दुसऱ्या वाचकाने केलं, घरचं म्हणून मृण्मयीला हात लावू दिला नाही. चार दिवसांनी मुजावर मॅडमनी तिला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बघायचंय तुला?"

"दाखवा."

सगळ्या मांडण्या एकापुढे एक लावून त्यांचं हलतं चित्र केलं होतं. सुरुवातीला 'पत्रिका' नावाचं फोल्डर डावीकडे वरच्या कोपऱ्यात होतं, त्याखाली 'शाळा', त्याखाली 'वाढदिवस'. सगळं सरळ ओळीत, नीटनेटकं. मग ओळ सरकायला लागली. ओळ सरळच राहत होती, फक्त दर महिन्याला इवलीशी उजवीकडे. खिडक्याही तशाच. शेवटच्या वर्षात पडद्याचा डावा पट्टा सारवलेल्या अंगणासारखा मोकळा होता आणि आयकॉन उजव्या अर्ध्यात एकमेकांवर चढले होते.

मृण्मयीला रडू कोसळलं. बाबा जाऊन इतकी वर्षं झाली होती, आणि आज त्यांचा हात तिला दिसत होता, तोही असा.

"मृण्मयी, तुझीही तपासणी करून घे," मॅडम म्हणाल्या.

"माझं नंतर बघू. केतकीला आज सांगायला हवं. तिची मुदत संपत आलीय."

सांगलीला काकांच्या घरी तिने सांगितलं. केतकी कुपवाडच्या कारखान्यात तपासनीस होती. मशीनमधून निघालेल्या भागांत दोष शोधणं हेच तिचं काम. तिने एकही प्रश्न वाया घालवला नाही.

"म्हणजे तुकडा जागा आहे."

"हो."

"मला चाळिशीत. आणि ह्याला?" तिने पोटावर हात ठेवला.

मृण्मयीने अहवाल मिटून पिशवीत ठेवला.

"ताई, तू रोज लोकांना सांगतेस ना? मग मलाही सांग."

"दहाव्या-बाराव्या वर्षी. त्याच्याही आधी कदाचित."

केतकीचा नवरा चिन्मय उठून गच्चीत गेला. श्रीपादकाका म्हणाले, "दादा असा कसा गं? इतका नीटस माणूस!" केतकीने सोमवारची वेळ घेतली आणि मग मृण्मयीला जेवायचा आग्रह केला.

रविवारी ती आईकडे गेली. ज्योत्स्नाबाई सत्तरीच्या होत्या, ब्राह्मणपुरीत एकट्या राहायच्या, आणि अजूनही जुन्या गिऱ्हाइकांच्या पत्रिका घरून जुळवून द्यायच्या. आईला हे आपणच सांगावं, फोनवर नको, असं मृण्मयीने ठरवलं होतं.

"आधी जेव. तोंड बघ कसं झालंय," आई म्हणाली आणि तिने ताटं वाढली.

मृण्मयी पाटावर बसली आणि बघतच राहिली. उजवीकडे वांग्याची भाजी, आमटीची वाटी. मध्ये भात. डावीकडे काहीच नाही. मीठ नाही, लिंबू नाही, चटणी नाही. ताट वाढायला मिठापासून सुरुवात करायची आणि डावी बाजू पुरी झाल्याशिवाय उजवीकडे वळायचं नाही, हे ज्या बाईने लहानपणी तिला बोटांवर चापट्या मारून शिकवलं, तिने डावी बाजू वाढलीच नव्हती.

"आई, लिंबू?"

"वाढलंय की." आईने तिच्या ताटाकडे पाहिलं, मग मान बरीच वळवून पुन्हा पाहिलं. "अगंबाई. विसरले वाटतं."

जेवता जेवता आईने स्वतःचं ताट हळूच अर्धं फिरवलं. फिरवल्यावर तिला उरलेला भात दिसला. ही फिरवाफिरव रोजची असावी, इतकी ती सहज होती. मृण्मयी जे सांगायला आली होती ते तिने घाईघाईने सांगून टाकलं: बाबांचा कॉम्प्युटर, सरकणारी ओळ, केतकीची सोमवारची वेळ.

आईचा घास हातातच राहिला. "कुठलं फोल्डर म्हणालीस?"

"पत्रिका. डावीकडे वर होतं, ते—"

"हो, मी तिथेच ठेवायची ते. सगळ्यात जास्त लागायचं ना."

खोलीत पंखा फिरत होता. आईला आपण काय बोललो ते कळलं आणि तिने घास ताटात ठेवला.

"तू ठेवायचीस?" मृण्मयी म्हणाली. "तू तर बाबा गेल्यावर शिकलीस ना काम?"

"असं तुझे काका म्हणतात."

"आणि बाबा काय करायचे?"

"बोलायचे. गिऱ्हाइकाला चहा पाजायचे, मजकूर लिहून घ्यायचे, वसुलीला जायचे. तेही काम सोपं नसतं. पण त्या उंदराला ह्यांनी कधी हात लावला नाही. म्हणायचे, मला नाही जमायचं ते बारीक काम. मुंबईला जाऊन शिकून आले होते ती मी. लग्नाआधी."

मृण्मयीला दुकान आठवलं. आवाज बाबांचा, आणि पडद्यासमोर कायम पाठ आईची. हे ती रोज शाळेतून येताना बघायची. आई 'टायपिंग करते' असं ती मैत्रिणींना सांगायची आणि बाबांचं दुकान आहे असंही सांगायची.

"मग तू आधी का बोलली नाहीस?"

"कोणाला?" आईचा आवाज एकदम चढला. "पाटीवर नाव ह्यांचं. बिलावर नाव ह्यांचं. लोक म्हणायचे, मुकुंदरावांच्या हातात जादू आहे हो! मी पाठमोरी बसून ऐकायची. तेव्हा एकानेही विचारलं नाही, काम कोण करतं म्हणून. आणि आता दुखणं निघालं, तर ते तेवढं माझं?"

मग आई खालच्या आवाजात म्हणाली, "नोंद झाली की सही गोठते ना गं?"

"हो." डावगळीची नोंद झालेल्या माणसाची सही कायद्याने चालत नाही. बँक, घर, औषधपाणी, सगळं पालकाच्या हाती जातं. आईच्या बाबतीत तो पालक म्हणजे मृण्मयीच.

"मला कोणाच्या हाताखाली जायचं नाही. तुझ्यासुद्धा."

"आई, उद्या केतकीचं मूल जाईल. बाबांबद्दल काही निघालंच नाही. काकांकडचा तुकडा झोपलेलाच असेल. ते मूल धडधाकट आहे, आणि ते जाईल."

आई ताट उचलून आत निघाली. दाराच्या डाव्या चौकटीवर तिचा खांदा आदळला, वाटी खाली पडून घरंगळत गेली. ती चौकटीला धरून उभी राहिली.

"ह्यांच्या भावाची पोर आहे ती," ती म्हणाली. "माझं दुखणं तिच्या पदरात नको. कधी यायचं ते सांग."

मुजावर मॅडमनी रविवार असूनही केंद्र उघडलं. मृण्मयीने फोन केला म्हणून काका, केतकी आणि चिन्मयही आले. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं. आईंचं रक्त तपासून उपयोग नाही, तुकडा तर पाचांतल्या एकाकडे असतोच. त्यांची नंतरची यंत्रं आयकॉन आपोआप रांगेत लावणारी, त्यांत वाचण्याजोगं काही नाही. रीतसर निदान करायचं तर वर्षभर निरीक्षण लागतं, कारण माणसाची सही जाते, कायदा घाई करू देत नाही. सोमवारच्या आत एकच गोष्ट करता येण्याजोगी होती. त्यांना याच यंत्रावर बसवायचं, एक पत्रिका जुळवायला सांगायची, आणि मांडणीत उजवीकडचा कल दिसतो का ते पाहायचं. दिसला, तर जुना अहवाल 'संशयित' ठरवून थांबवता येईल.

"पण वहिनी कशा असतील?" काका म्हणाले. "सगळं दादाच करायचा. मी दुकानात जायचो ना. वहिनी चहा आणून द्यायच्या."

"चहा मी समोरच्या हॉटेलातून मागवायची, भाऊजी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "दुकानात गॅस नव्हता."

काकांना ते पटलेलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. स्वतःच्या नातवाचा जीव वाचण्यासारखा असूनही दादाचं काम वहिनीचं म्हणायला त्यांची जीभ वळत नव्हती. सवय माणसाला कुठवर नेते, याला मर्यादा नाही.

ज्योत्स्नाबाई खुर्चीवर बसल्या. हळद पुसलेला पडदा उजळला. मॅडम म्हणाल्या, "मांडणीचा विचार करू नका. नेहमीसारखं काम करा." आता असं सांगितल्यावर कोण विचार न करील?

त्यांनी फोल्डर उघडलं, जुनी पत्रिका काढली, 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' खाली नवी नावं घातली. हात चालायला लागले तसा चेहरा सैलावला. मृण्मयी मागे उभी राहून बघत होती, आणि तिला काही वेळाने दिसलं की आई दर वेळी माउस आधी डावीकडे टोकापर्यंत नेते, बाण कडेला अडला की मागे घेते आणि मगच वस्तू ठेवते. डाव्या बाजूचा डोळ्यांना भरवसा नाही, हे तिच्या हाताने केव्हाच ओळखलं होतं आणि स्वतःपुरता उपायही शोधला होता. खिडक्या चौकोनी, ओळी सरळ, समास दोन्हीकडे सारखे. इतकी देखणी पत्रिका हल्ली कोणी जुळवत नाही.

वाचन यंत्राने निकाल दिला: कल नाही.

"पुन्हा बसते," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

दुसऱ्यांदा त्यांनी सगळं उजवीकडे नेलं. आयकॉन एकमेकांवर चढवले, खिडक्या उजव्या कडेला दाबल्या. मृण्मयीने डोळे मिटून घेतले, कारण पुढे काय येणार ते तिला ठाऊक होतं. नकळत गेलेला हात केसाकेसाने सरकतो, ठरवून गेलेला हात पावलापावलाने. हा फरक ओळखणं तर यंत्राचं पहिलंच काम. पडद्यावर लाल अक्षरं आली: हेतुपुरस्सर मांडणी. ग्राह्य नाही.

केतकी पुढे आली आणि तिने काकूचा हात हातात घेतला. "काकू, पुरे. माझ्यासाठी तुम्ही एवढं केलंत."

"अगं, मी खरं सांगतेय."

"हो काकू."

"तुझ्यासाठी नाही गं करत. खरंच मी—"

"हो," केतकी म्हणाली आणि तिने काकूला वाकून नमस्कार केला. खऱ्याला कोणी दया समजावं, याहून वाईट दुसरं काय असेल!

मृण्मयीने तिला बाहेर गाठलं. "केतकी, आईच्या ताटाला डावी बाजू नाही. मी डोळ्यांनी पाहिलंय. मुजावर मॅडमनाही पटलंय."

"मग त्यांनी अहवाल बदलावा."

"पटण्यावर अहवाल बदलत नाही, म्हणतात त्या."

"बघ ना." केतकीने भिंतीला टेकून श्वास घेतला. "ताई, धरून चालू की काकू खरं बोलतात. पण समजा, प्रेमापोटी खोटं बोलत असतील तर? तुझ्या यंत्राने आत्ता तेच सांगितलं. मी माझ्या कामात शंका असलेला भाग पुढे जाऊ देत नाही. माझी चूक झाली तर ती मला भोगावी लागणार नाही, त्याला लागेल. शाळेत फळ्याची अर्धी बाजू न दिसणारं पोर मी कशाच्या जोरावर जन्माला घालू? काकूंच्या शब्दावर?"

"हो. आईच्या शब्दावर."

"काकूंच्या शब्दावर आमच्या घरात कधी काही ठरलंय का?" केतकी म्हणाली. तिने टोमणा मारला नव्हता, एक साधी गोष्ट सांगितली होती. चिन्मयने गाडी आणली आणि ते गेले.

परत येताना रिक्षात मृण्मयीला राहवलं नाही. "पहिल्यांदा हात सैल का नाही सोडलास, आई? एकदा, फक्त एकदा."

"ठरवून बसले होते." आई बाहेर बघत होती, उजवीकडे. "वधूचं नाव जरा सरकलेलं दिसलं आणि हात आपसूक गेला. वाकडं काम मी कधी कोणाला दिलं नाही गं."

मग ती पदर तोंडात धरून रडली. मृण्मयीला तिचा भयंकर राग आला होता, आणि तरी तिने तिला जवळ घेतलं.

सोमवारी केतकीने ठरल्याप्रमाणे केलं. काकांचा फोन आला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "झालं. ती बरी आहे."

ज्योत्स्नाबाईंनी मंगळवारी स्वतः जाऊन निरीक्षणासाठी नाव नोंदवलं. मृण्मयीने सांगून पाहिलं की आता त्याने काही परत येणार नाही. त्या म्हणाल्या, "माहीत आहे मला." वर्ष कठीण गेलं. त्यांनी पत्रिकांचं काम बंद केलं, मग स्वयंपाक, मग एकटीने बाहेर पडणं. डावा हात नुसता मांडीवर पडून राहायचा. कोणी आठवण दिली तरच त्या तो उचलायच्या. याच वर्षात मृण्मयीने स्वतःची तपासणी करून घेतली. तिच्यातही तुकडा निघाला. ती तेव्हापासून जिना उतरताना डावा कठडा घट्ट धरते, आणि कठडा हाताला लागला की तिला बरं वाटतं.

वर्षाअखेरीस निदान झालं आणि त्याबरोबर जुना अहवाल रद्द झाला. नव्या अहवालात मुकुंद गुळवणींच्या नावापुढे 'कल आढळला नाही, यंत्र वापरल्याचा पुरावा नाही' असं होतं. यंत्रचालक म्हणून नाव होतं ज्योत्स्ना गुळवणी. त्या यंत्रावर केलेलं काम त्यांचं, असं म्हणणारा हा पहिला सरकारी कागद होता आणि त्याच कागदाने त्यांची सही गोठली.

"केतकीला मी सांगणार," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "तू नको, मी."

"आई, कशाला? पोस्टाने कळेल तिला."

"पोस्टाने? तिने मला नमस्कार केला होता गं. मला तिची माफी मागायचीय. लवकर बोलले असते, त्याच दिवशी, तू कॉम्प्युटर न्यायला आलीस त्याच दिवशी. तुझ्या बाबांचा म्हणून नेलास आणि मी गप्प बसले. सवयीने गप्प बसले."

मृण्मयी त्यांना सांगलीला घेऊन गेली. दार काकांनी उघडलं. अहवाल त्यांच्यापर्यंत पोचलेला असावा, कारण ते वहिनींच्या तोंडाकडे न बघता "या, बसा" म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. मृण्मयीने आईला सोफ्यावर बसवलं. घर शांत होतं.

आतल्या खोलीचं दार आईच्या डाव्या हाताला होतं. त्या दारात केतकी येऊन उभी राहिली. ती बारीक झाली होती. तिच्या हातात तोच कागद होता, घडी घालून घालून मऊ झालेला.

"केतकी येतेय का गं?" आईने समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं.

केतकी तिच्यापासून दोन हातांवर उभी होती. मृण्मयीने तिच्याकडे पाहिलं. एक पाऊल पुढे टाकून ती सोफ्याच्या या बाजूला आली असती, तर आईला दिसली असती. केतकी हलली नाही. ती काकूकडे बघत राहिली, मांडीवर विसरलेल्या त्या हाताकडे, रिकाम्या भिंतीला लागलेल्या डोळ्यांकडे. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण श्वासाचाही आवाज नव्हता.

"मी काय बोलायचं ते पाठ करून आलेय," आई म्हणाली. "नाहीतर ऐन वेळी विसरायची मी. आहे ना ती घरात?"

केतकीने मृण्मयीकडे बघून मान हलवली. नाही.

"नाही, आई," मृण्मयी म्हणाली. "घरी नाहीये ती."

"असं होय." आईने पदर सावरला. "मग बसू आपण थोडा वेळ. येईल."